डाव्या हाताची कल्हई

शिरूर आणि दौंड ही काय प्रवासवर्णन लिहायची ठिकाणं आहेत का, असं मला पुण्यात तिघांनी विचारलं. लेणी, घाट नाहीतर समुद्र असेल तिथंच हिंडावं आणि त्याबद्दलच लिहावं, हा दंडक कोणी घातला मला ठाऊक नाही. ज्यांच्याकडे रजा आणि कॅमेरा दोन्ही असतात त्यांनीच घातला असणार. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. दोन हजार सालची भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवाजीनगरहून शिरूरची एसटी धरली. पिशवीत दोन शर्ट होते, आईनं दिलेले शंकरपाळे होते आणि कॉलेजच्या लॅबमध्ये छापलेले आलेखांचे अकरा कागद होते.

कागदांबद्दल आधी सांगायला हवं, कारण मी गेलो ते त्यांच्याच जोरावर. रियाज आणि मी एका खोलीत राहतो, एम.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहोत आणि आमचा प्रकल्पही एकच आहे. कॉम्प्युटरला रस्ता शिकवायचा नाही, त्याला स्वतःच्या अनुभवातून शिकू द्यायचं, असा हा विषय. एका अनोळखी चाळीत सोडलेल्या माणसासारखं त्याला सोडून द्यायचं. काही खोल्यांत बक्षीस असतं, काहींत नसतं. तो दारं ठोठावतो, काय मिळालं ते लक्षात ठेवतो आणि शहाणा होतो. पेच एवढाच की एका खोलीत थोडंसं मिळालं तर रोज तिथंच जायचं, की नवी दारं ठोठावायची? तिथंच गेलं तर मोठं बक्षीस शेजारी पडून राहतं, आणि दारंच ठोठावत बसलं तर हातातलंही जातं.

हिंडण्याच्या तीन रीती आम्ही ताडून पाहत होतो. पहिली नशिबाची: बहुतेक वेळा माहितीच्या खोलीत जायचं, पण दहातून एकदा डोळे मिटून कुठंही. दुसरी निवत जाण्याची: सुरुवातीला तापल्या तव्यावरच्या थेंबासारखं सैरावैरा पळायचं आणि हळूहळू थंड होत, जिथं जास्त मिळालं तिथं स्थिरावायचं. तिसरी आशेची: जिथं कधी गेलो नाही तिथं भरपूर आहे असं धरून चालायचं, आणि जिथं जाऊन फार दिवस झाले तिथली आशा पुन्हा थोडी थोडी वाढवत न्यायची. लॅबमध्ये आशेची रीत जिंकत होती. अकरापैकी नऊ कागदांवर तिची रेघ सगळ्यांच्या वर होती.

रियाजचा थोरला भाऊ सलीम सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत रियाज आणि त्याची आई त्याला शोधायला निघतात. हे ऐकल्यावर मी म्हणालो, "मी येतो. तुम्ही चुकीच्या पद्धतीनं शोधताय!" माझे वडील कामगार चळवळीची पत्रकं छापत आणि मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरूनच. त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानं संपतं, असं रियाज म्हणतो.

शिरूर

रियाजच्या आईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागलो. ठेंगणी, काटक बाई. दारातच म्हणाली, "ह्योच का तो, मशीनला वाट इचारनारा?"

ज्वारीची भाकरी, मसुराचं कालवण, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि पाहुणा म्हणून दोन अंडी. आमच्याकडे जेवताना फार बोलत नाहीत. इथं घास तोंडात असतानाच सगळं सांगून टाकायची पद्धत आहे. तिसऱ्या भाकरीपर्यंत सलीमची हकिकत माझ्या ताटात पडली होती.

घराण्याचा धंदा कल्हईचा. पितळेची आणि तांब्याची भांडी भट्टीवर तापवायची, आत नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं भांडंभर सारवायचं. वडील वारल्यावर सलीमनं एकोणिसाव्या वर्षी भट्टीचा भाता हातात घेतला. पण घराघरात स्टील आलं. मग एका ओळखीच्या माणसानं कंपनीत हेल्परची जागा आहे म्हणून निरोप धाडला.

"मी त्येला बोलले, भाता इकून टाक," खाला म्हणाली. "येवढंच बोलले. काय वाईट बोलले का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सलीम सायकलला भाता बांधून गेला तो गेलाच.

फळीवर एक पितळेचं पातेलं होतं. त्याची आतली कल्हई उडून पितळ उघडं पडलं होतं. त्यात काही शिजवत नाहीत. "दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हणतो मी," रियाज हसत म्हणाला, "पण अम्मी कुणाला हात लावू देत नाही."

खालाची शोधायची रीत मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. ती गावात जाऊन "माझा मुलगा पाहिला का" असं विचारतच नाही. "लोक दया येऊन कायबी सांगत्यात," ती म्हणाली. ती बायकांना म्हणते, तुमची भांडी आतून दाखवा. सलीम डावखुरा. उजव्या हाताचा माणूस बोळा फिरवतो त्याच्या उलट्या अंगानं त्याचा बोळा फिरतो, आणि कथलावर त्या फेऱ्यांच्या बारीक रेघा राहतात. कल्हई ताजी असेल तर रेघा स्पष्ट, आणि चिंच-राखेनं घासून घासून वर्ष-दोन वर्षांत त्या जातात. म्हणून एकदा बघितलेलं गाव कायमचं बघून झालं असं होत नाही.

"मागल्या साली न्हवता म्हंजी औंदा बी न्हाई, असं कुठं असतंय?"

मी कागद उलगडून आशेची रेघ दाखवली आणि म्हणालो, "खाला, तुमचीच रीत जिंकतेय."

तिनं कागद उलटा धरून पाहिला. "ह्ये मला सहा वर्सांपासून म्हाईत हाय. तुला कागुद कितीला पडला?"

कारेगाव

तरीही पहिला दिवस मी माझ्या हट्टानं वाया घालवला. प्रयोग म्हणजे प्रयोग, तेव्हा आधी नशिबाची रीत! दहा गावांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि डोळे मिटून एक उचलली. कारेगाव निघालं.

"तिथं काय ठिवलंय?" खाला म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

कारेगाव रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला चिकटून आहे. जुनं गाव मधे आणि भोवती पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. एका खोलीत सहा-सहा माणसं पाळीपाळीनं झोपतात, म्हणजे अंथरूण कधी निवतच नाही. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा. नळावर अंघोळ करणाऱ्या एकाला मी पितळेच्या भांड्यांबद्दल विचारलं तर तो साबणाच्या फेसातून हसला. "पीतल? अरे भैया, यहाँ दो थाली है, छह आदमी है।"

त्या खोल्यांच्या मुकादमानं आम्हाला हटकलं. मी त्याला एका खोलीला किती माणसं आणि किती संडास ते विचारलं. आवाज चढला. वीस-पंचवीस माणसं जमली. माझ्या बोलण्यात 'शोषण' हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा रियाजनं माझं मनगट धरून मला बाहेर ओढलं. मी बोललो त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. पण मी बोलत होतो तेव्हा खाला रस्त्याकडेच्या दगडावर बसून चप्पल काढून टाच चोळत होती, हेही लिहिलं पाहिजे.

"तुझं मशीन किती येळा हिंडतंय?" तिनं विचारलं.

"एका प्रयोगाला दहा हजार वेळा."

"त्येची टाच दुकती का?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवली.

"मला वर्सातनं चार दिस मिळत्यात. त्यातला एक तू खाल्ला. आता शंकरपाळे काढ."

रस्त्याच्या कडेला बसून आम्ही शंकरपाळे खाल्ले. तिला ते आवडले नाहीत. "गोड कमी," म्हणाली.

केडगाव

दुसऱ्या दिवशी रियाजची पाळी. न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून आम्ही केडगावला गेलो. नदीच्या पुलावर सगळी एसटी एकदम गप्प झाली आणि पलीकडे उसाच्या रानात पुन्हा बोलू लागली. स्टेशनाबाहेर एक चहावाला आहे, रियाज त्याला मामा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी ह्या मामांनी सलीमला पाहिलं होतं. तेव्हापासून रियाज दर वर्षी पहिला इथं येतो.

"या, या! तुमचीच वाट बघत हुतो," मामा म्हणाले. "न्हाई, परत नाय आला. पर तवा आला हुता ना, ह्या बाकड्यावं बसला. मिशा वाढल्या हुत्या. म्हनला, मामा, आईची लई सय येती."

रियाज पुढे झुकून ऐकत होता. त्याच्या हातातला चहा तसाच होता.

खाला रस्त्याच्या कडेला थांबली होती; तिच्याकडं परत चालताना मी विचारलं, "हे सगळं पहिल्या वर्षीच सांगितलं होतं त्यांनी?"

रियाजनं रस्त्यातला खडा पायानं उडवला. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी म्हणाले होते, सायकलवाला एक जण गेला खरा. दुसऱ्या वर्षी तो बाकावर बसला. मिशा यंदा आल्या."

"तुला कळतंय तर..."

"निवून गेलोय मी. तुझी दुसरी रीत. इथं काहीतरी मिळतं, म्हणून इथंच येतो."



त्या दुपारी आम्ही मळ्यामळ्यातून हिंडलो. एका ओसरीवर म्हातारीनं कळशी दाखवली, पण खालानं हात पुढं करताच म्हणाली, "हात नगा लावू, पान्याची हाय." माझ्या डोक्यात सणक गेली. कुठल्या शतकात राहता तुम्ही, एवढं तोंडाशी आलंही होतं. पण खाला शांतपणे दोन पावलं मागं सरली. "न्हाई लावत. तुमीच जरा उन्हाकडं तिरकी धरा." म्हातारीनं धरली. रेघा उजव्या हाताच्या होत्या.

बांधावर आल्यावर मी म्हणालो, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. राग घिऊन घरी जाईन. कळशी तिथंच ऱ्हाईल ना?"

पुढच्या मळ्यात शेवंतीची तोडणी चालली होती. पिवळी, पांढरी, रानभर. मळ्याची मालकीण इंदूआक्का डोक्याला पदर गुंडाळून फुलं पाटीत टाकत होती. काय हवंय ते ऐकल्यावर ती म्हणाली, "मावशे, माझं समदं स्टील. पर सासूचा एक हंडा हाय." तिनं तो बाहेर आणून सरळ खालाच्या मांडीवर ठेवला.

खालानं हंडा उन्हात फिरवला. आत बोट घातलं. मग पुन्हा फिरवला, दुसऱ्या अंगानं. गळ्याखालच्या आतल्या वळणावर, जिथं घासणारीचा हात पोचत नाही, तिथं चार बोटं रुंद पट्टा अजून पांढरा होता. त्यावर रेघा होत्या.

"रियाज," ती म्हणाली, "तू बघ. माझं डोळं खोटं बोलत्यात."

रियाजनं बघितलं. मीही बघितलं. त्या बारीक रेघा उलट्या फिरत होत्या. आलेख वाचायला मी पाच वर्षं शिकलोय, पण एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहावं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"दोन दिवाळ्या झाल्या," इंदूआक्का आठवून म्हणाली. "एकलाच हुता. कमी बोलायचा. भाकर दिली तर म्हनला, भाकर नगं, जरा सावलीला बसू द्या. दिसभर बसला आन् मंग पाटसच्या अंगाला गेला."

"बारीक झाला हुता का?"

"मला काय ठावं, मावशे, आधी किती जाड हुता."

दोघी हसल्या. मग खाला हंडा परत देत म्हणाली, "कवा आला तर सांगा, आई म्हनली भाता इकू नको."

"आन् घरी ये म्हनून?"

"न्हाई. येवढंच सांगा."

दर गावात ती हाच निरोप ठेवते, असं रियाजनं मला नंतर सांगितलं. निघताना इंदूआक्कानं ओंजळभर शेवंती खालाच्या पदरात टाकली. ती तिनं दौंडपर्यंत गाडीत मांडीवर धरून नेली.

दौंड

दौंडला आम्ही रियाजच्या नात्यातल्या एका घरी उतरलो. रेल्वेचं गाव. मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथं सोडून दुसऱ्या टोकाला लावतात, तोवर अख्खी गाडी उभी राहते आणि प्रवासी खाली उतरून हातपाय मोकळे करतात. इथल्या लोकांना वाट बघणं रोजचं आहे. घाई दिसते ती फक्त पाहुण्यांत.

तिसरा दिवस पाटसच्या बाजूची पाच गावं. कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती आणि हवेत मळीचा आंबट-गोड वास. आता माझे कागद खरे कामाला आले, असं मला वाटत होतं. माग मिळाला होता, दिशा मिळाली होती, आणि कुठल्या गावाला जाऊन किती वर्षं झाली याचा तक्ता मी रियाजला विचारून रात्रीच केला होता. त्या तक्त्याप्रमाणे आम्ही गेलो. खालाला सगळी गावं तोंडपाठ होती: कुठल्या घरी पितळ आहे, कुठं कुत्रं आहे, कुठली सून दाखवते आणि कुठली सासू दाखवत नाही. पाचही गावांत रेघा उजव्या हाताच्या. एका ठिकाणी तर कल्हईच नव्हती, भांड्याला चंदेरी रंग दिलेला होता. खालानं तो नखानं खरवडून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी आम्ही दौंडला रेल्वेच्या पुलावर उभे होतो. मी तक्ता काढला. त्यात एकच गाव राहिलं होतं, दौंडपासून एसटीनं तासाभराचं. त्या गावासमोर सहाही वर्षांचे रकाने कोरे होते.

"उद्या सकाळी इथं जायचं," मी म्हणालो. "कधीच न गेलेलं गाव. शिवाय माग ह्याच दिशेचा आहे. सगळ्यात जास्त आशा इथंच!"

"उद्या शिरूरला जायाचं," खाला म्हणाली.

"पण हे एकच राहिलंय."

"ऱ्हाऊ दे."

मला वाटलं ती दमली आहे. म्हणालो, मी एकटा जातो, तुम्ही आराम करा. तर म्हणाली, "तू बी जायाचं न्हाई." तेव्हा मी रियाजकडं बघितलं. तो खाली रुळांकडं बघत होता.

"दर वर्षी तेच गाव राहतं," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी माझ्या ध्यानात आलं."

"आणि तू बोलला नाहीस?"

"मी केडगावला चहा प्यायला जातो, तेव्हा अम्मी बोलते का मला?"

मग मी बोललो. जे बोललो ते माझ्या घरात मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. सत्य कितीही कडू असलं तरी बघितलंच पाहिजे, माणूस स्वतःला फसवू लागला की त्याला कोणीही फसवू शकतं, आणि सुखाच्या भ्रमापेक्षा दुःखाचं ज्ञान बरं. पुलावरून जाणारे दोघं-तिघं थांबले.

"छाप," खाला म्हणाली, "छाप माझ्यावर पत्रक." मग तिनं माझा दंड धरला आणि मला कठड्याकडं वळवलं. "आता माझं ऐक. समज, गेलो. आन् तिथं बी न्हाई. मंग पुढल्या दिवाळीला मी कुठल्या गाडीत बसू?"

"पुन्हा पहिल्या गावापासून. जाऊन वर्ष झालं की तिथली आशा वाढतेच. तुम्हीच म्हणाला होता."

"वाढती ना. पर ती शिळी भाकर हाय. पोट भरतं तिनं, आन् मी खाती बी. ह्ये एक गाव ताजं ठिवलंय. वर्सभर मी शिरूरात बसून म्हनती, तो तिथं हाय. सकाळी उठून भट्टी पेटवतोय. बायका भांडी घिऊन आल्यात. समदं दिसतं मला. तू जाऊन ते हिसकून आननार का?"

लॅबमध्ये आम्ही तीन रीती दहा-दहा हजार वेळा चालवल्या. सर्वात जास्त आशा ज्या दारावर आहे तेच दार मुद्दाम न ठोठावणारा त्यात एकही निघाला नव्हता. मी खालाला म्हणालो, "ठीक आहे." आणि खोटं बोललो.

सकाळी पुण्याची गाडी पकडतो असं सांगून मी स्टेशनाऐवजी एसटी स्टँडवर गेलो आणि त्या गावाचं तिकीट काढलं. मला वाटत होतं मी सत्यासाठी जातोय. गाडीत सात-आठ माणसं होती. दोन्ही बाजूला हातभर वाढलेली ज्वारी, मधेच हरभरा, एका ठिकाणी मेंढरं बसवलेलं रान. तिथं सलीम भेटला तर काय बोलायचं याची मी वाक्यंही जुळवली.

गाडी गावात शिरते तिथंच वळून उभी राहते, दहा मिनिटांनी परत निघते. पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई भांडी घासत होती. घासून झालेली पालथी घातलेली होती, सगळी स्टीलची. एक घागर मात्र पितळेची होती. ती तिनं नुकतीच धुऊन आडवी ठेवली होती, तोंड माझ्या विरुद्ध बाजूला. चार पावलं पलीकडं गेलो असतो तर उन्हात आतलं दिसलं असतं.

"काय पायजे, दादा?" बाईनं विचारलं.

मी म्हणालो, "पाणी."

ती हात धुऊन आत गेली. अंगणात मी आणि ती घागर. इतका वेळ मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही वस्तूसमोर उभा राहिलेलो नाही, आणि तरी तो सारा वेळ एक तांब्या भरायला लागतो तेवढाच होता. पाणी आलं. ते मी रस्त्याकडं तोंड करून प्यालो.

"कुनाकडं आलाव?"

"कुणाकडं नाही. गाडी चुकलो."

"मंग पळा, ती बघा निघाली."

मी पळालो.

हे मी रियाजला सांगितलेलं नाही. त्याला ते इथंच वाचायला मिळेल, आणि त्याचा राग मी सोसेन. त्या गावाचं नाव मात्र मी मुद्दाम लिहिलेलं नाही. वाचणाऱ्यांत कोणी त्या भागातलं असेल आणि त्याला गाव ओळखता आलं, तर त्यानं ते खालापर्यंत पोचवू नये. तिथं काय आहे हे मलाही माहीत नाही. पुण्याच्या ह्या खोलीत प्रकल्पाचे आलेख पुन्हा काढत बसलेलो असताना मला ते गाव दिसतं, आणि त्या गावात सकाळी कोणीतरी भट्टी पेटवत असतं.

सलीमभाई, तुम्ही सातवी शिकलेले आहात असं रियाज सांगतो. छापलेला कागद कुठून कुठं जाईल ते छापणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हा तुमच्या हाती आला, तर शिरूरला या. एवढंच बघा की भाऊबिजेनंतरच्या चार-पाच दिवसांत येऊ नका. तेव्हा घराला कुलूप असतं.